एक बटण कमी

माझ्या आईला मी आतून पाहिलं आहे. कॉलेजात असताना हे वाक्य मी मैत्रिणींसमोर बोलले, तेव्हा त्यांना वाटलं, मी तिच्या मनाबिनाबद्दल बोलतेय. मनाबद्दल नाही. मी तिची फुप्फुसं पाहिली आहेत. हवेनं भरलेली, काळी फुप्फुसं, मध्ये एका बाजूला कललेलं पांढरं हृदय, मागे मणक्याचा ठोकळा आणि भोवतीनं बरगड्यांचे तुटक पांढरे तुकडे. एका मोठ्या फिल्मवर ओळीनं वीस चौकोन, आणि अशा सहा फिल्म. त्या अजून माझ्याकडे आहेत, लोखंडी कपाटामागे, पिवळ्या पाकिटात. वर्षातून एकदा कपाट सरकवून झाडलोट करताना पाकीट हाती लागतं. मग मी केरसुणी बाजूला ठेवते आणि एक तरी फिल्म खिडकीच्या उजेडात धरते. इतकी वर्षं झाली, पण त्याचं नवल काही संपलेलं नाही.

आम्ही तेव्हा उल्हासनगर कॅम्प चारमध्ये राहायचो, बराकीतल्या एका खोलीत. पप्पा, आई आणि मी. दोन हजार सालानंतरची पहिली काही वर्षं असतील. मोबाइल आमच्या गल्लीत फक्त शेठच्या हातात दिसायचा. पप्पा अंबरनाथ एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत कामाला होते. शेअर रिक्षानं जायचे आणि शिफ्ट संपवून यायचे तेव्हा त्यांच्याआधी त्यांच्या कपड्यांचा वास घरात यायचा. आई घरात बसून बटणं लावायची. गल्लीच्या तोंडाशी शर्ट शिवायचा कारखाना होता. मोठी बटणं तिथे मशीनवर लागायची. कॉलरच्या टोकांना जी इवलीशी दोन बटणं असतात ती मात्र मशीनवर वाकडी बसायची, म्हणून शेठ ते शर्ट गठ्ठ्यानं घरोघरी पाठवायचा. गठ्ठ्यासोबत बटणांची पुडी, मोजून बांधलेली.

आता एका हातात सुई आणि दुसऱ्या हातात कॉलर धरल्यावर बटणं कुठे ठेवायची? वाटीतून एकेक उचलत बसलं तर दिवस सरतो आणि गठ्ठा सरत नाही. म्हणून आमच्या गल्लीतल्या सगळ्या बायका बटणं तोंडात धरायच्या. पाच-सहा बटणं एका गालात. जिभेनं एक पुढे सारायचं, ओठांवर आणायचं, चिमटीत उचलून कापडावर टेकवायचं. शाळेत कुणी पेन्सिल चावली तर बाई ओरडायच्या, पण इथे अख्खी गल्ली दिवसभर गाल फुगवून बसलेली असायची आणि त्यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही. आई तर बटणं तोंडात ठेवून माझ्याशी कडाकडा भांडायचीसुद्धा.

आणि आम्ही भांडायचो खूप. मी तापट आहे. लहानपणापासून. राग आला की तोंडाला येईल ते बोलायचं आणि मग आतल्या आत डूख धरून बसायचं, हा माझा स्वभाव. आईचाही तोच. पण ती आई होती, तिला हात उचलायची सोय होती.

मी नववीत होते. दुपारची वेळ. आई दाराशी उजेडाला बसून कॉलरची बटणं लावत होती आणि मी शेठची नक्कल करत होते. शेठ जाडा, मान नसलेला. गठ्ठा देताना बोटं नाचवायचा. मी उशी पोटावर बांधून म्हटलं, "साईं, बटन गिनके दिया है, गिनके लूँगा. एक भी इधर का उधर हुआ तो मेरे को हार्ट अटॅक!" आणि छातीवर हात ठेवून मी गठ्ठ्यावर आडवी पडले. आईला हसू आवरेना. हसता हसता तिला असा ठसका लागला की डोळ्यांतून पाणी आलं, चेहरा लाल झाला. मी पाठीवर थोपटलं, तांब्या दिला. तिनं तोंडातली बटणं तळहातावर काढली, पाणी प्यायली, दोन-चारदा खाकरली आणि म्हणाली, "गप ए, माकडा. मारशील मला."

संध्याकाळी गठ्ठा संपला आणि एक बटण कमी पडलं. आईनं चटई झटकली, पुडी उलटी केली, माझ्या दप्तरात हात घातला. महिन्यापूर्वी शाळेच्या हस्तकलेत मी कागदी घुबडाला डोळे म्हणून दोन बटणं चिकटवली होती, न विचारता. त्यामुळे चोर आधीच ठरलेला होता.

"दे."

"मी नाही घेतलं."

"बटणाचं काय नाय गं, पण खोटं कशाला बोलतेस?"

"नाही घेतलं म्हटलं ना!"

मग डाव्या गालावर फाडकन बसली. लागलं फारसं नाही. पण खोटारडी म्हटलं, ते फार लागलं. मी मोरीच्या पडद्यामागे गेले आणि तोंडातल्या तोंडात म्हणाले, "मर एकदाची." तिला ऐकू गेलं नाही. माझं मला मात्र स्पष्ट ऐकू आलं.

महिन्याभरात तिला खोकला लागला.

आमच्या भागात खोकला तीन आठवडे टिकला की त्याचं नाव ठरलेलं असायचं. गल्लीतल्या डॉक्टरांनी दोन बाटल्या औषध दिलं, मग छातीचा एक्स-रे काढायला लावला. उजव्या फुप्फुसात खाली एक पांढुरका डाग. थुंकीच्या तपासणीत काही निघालं नाही, तरी डॉक्टर म्हणाले, टीबीच आहे, सुरू करू. मी त्यांना दोष देत नाही. दिवसाला दहा खोकणारे त्यांच्यापुढे बसायचे आणि त्यातल्या बऱ्याच जणांना खरोखर टीबी असायचा. डागाला तोंड नसतं, तो कशाचा हे सांगणार कोण?

लालभडक गोळ्या सुरू झाल्या. त्याच दिवशी आईनं आपला कप वेगळा केला. घरात तीन सारखे कप होते, त्यातल्या एकाच्या कानाला तिनं निळा दोरा बांधला. ताट वेगळं, तांब्या वेगळा, अंथरूण दाराशी. मी दहा वर्षांची होईपर्यंत जिचा हात अंगावर असल्याशिवाय मला झोप यायची नाही, आणि तिलाही, ती आता मी जवळ गेले की तोंडाला पदर लावून म्हणायची, "लांब बस."

पप्पांना ते सहन होईना. आमच्या घरात वेगळ्या कपाला जुना अर्थ होता. पप्पांच्या लहानपणी गावातल्या चहाच्या टपरीवर आमच्या लोकांचे कप बाहेर खिळ्याला टांगलेले असायचे. आजोबांनी एकदा तो कप दगडावर आपटला होता, आणि गाव सोडून आले होते. ती गोष्ट आमच्याकडे अभिमानानं सांगितली जायची. पप्पा दोरा बांधलेल्या कपाकडे बघून म्हणाले, "या घरात वेगळा कप चालणार नाही."

"अहो, हा जातीचा नाय, रोगाचा आहे," आई म्हणाली.

"कपाला काय कळतं त्यातलं?"

पण चालला. पोर घरात आहे म्हटल्यावर पप्पांनाही गप्प बसावं लागलं. सकाळी तीन कप भरले जायचे आणि निळ्या दोऱ्याचा कप पप्पा नेहमी स्वतः उचलून तिला नेऊन द्यायचे, जणू तेवढ्यानं काही भरपाई होणार होती.

सहा महिने गोळ्या झाल्या. पुन्हा एक्स-रे. डाग तिथेच. अजून तीन महिने. डाग तिथेच. मध्येच ताप यायचा, अँटिबायोटिकनं उतरायचा, पुन्हा यायचा. दरवेळी दुखणं त्याच जागी. हवापालटासाठी तिला बदलापूरला आत्याकडे ठेवलं. तिथे नदी जवळ, झाडं, कंपनीचा वास नाही. दोन आठवड्यांनी ती होती तशी खोकत परत आली. दम्याचं म्हणून ओढायचं औषध दिलं, त्यानंही काही झालं नाही. बाई वाळत चालली होती. ब्लाउज खांद्यावरून घसरायला लागले.

आणि घरात प्रत्येकानं आपापला गुन्हेगार पकडून ठेवला होता. पप्पांना वाटायचं, कंपनीतलं विष आपणच अंगावरून घरी आणलं. ते बाहेरच्या नळावर कपडे काढून, अंग धुऊन मगच आत यायला लागले, थंडीतसुद्धा. आईला वाटायचं, आपलंच शरीर नाजूक. मला काय वाटायचं ते मी कुणाला सांगितलं नाही. मी तिला मर म्हटलं होतं आणि ती मरत होती. आमच्या घरात नवस, नजर, करणी असलं काही मानत नाहीत. भिंतीवरच्या दोन तसबिरींसमोर वंदना होते आणि विचार करायला शिकवतात. पण पडद्यामागे उभं राहून मी काय बोलले होते, ते माझ्या विचारात काही केल्या बसत नव्हतं. मी अभ्यासाला बसायचे, आणि आई खोकली की तेच दोन शब्द ऐकू यायचे.

दहावीची परीक्षा संपली त्या सुमारास आईच्या थुंकीत रक्त दिसलं. गल्लीतले डॉक्टर पहिल्यांदाच खुर्चीतून उठले. त्यांनी चिठ्ठी लिहून आम्हाला छातीच्या डॉक्टरांकडे पाठवलं. हे डॉक्टर म्हातारे, कमी बोलणारे. त्यांनी आईच्या पाठीला स्टेथोस्कोप लावला आणि इतका वेळ ऐकत राहिले की मला वाटलं, झोप लागली की काय. मग म्हणाले, "एकाच बाजूला शिट्टी वाजतेय. दमा असता तर दोन्हीकडे वाजली असती." सगळे जुने एक्स-रे त्यांनी काचेच्या दिव्यावर लावले आणि म्हणाले, "डाग दीड वर्ष एकाच जागी बसलाय. नळीत काहीतरी अडलंय. गाठ असू शकते. सीटी स्कॅन करून घेऊ."

गाठ हा शब्द घरी येताना रिक्षात कुणी उच्चारला नाही. पण दुसऱ्या दिवसापासून आई मला घर शिकवायला लागली. लांबून, पदर तोंडाला लावून. डाळीचा डबा कुठला, पप्पांना डब्यात काय चालत नाही, पाणी कधी जातं, रॉकेलवाला कुठल्या वारी येतो. मी चिडून म्हटलं, "मला कशाला सांगतेस? तूच कर ना." ती म्हणाली, "करते गं. पण तुला माहीत असलेलं बरं." आई जाणार की राहणार, एवढंच त्या दिवसांत माझ्या डोक्यात होतं.

स्कॅन सेंटर छातीच्या डॉक्टरांच्याच इमारतीत खाली होतं. इतकी थंड खोली मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. तिथल्या बाईनं आईला मंगळसूत्र, बांगड्या, केसातल्या पिना काढायला लावल्या आणि ते सगळं माझ्या ओंजळीत दिलं. आई हिरव्या गाऊनमध्ये अगदी लहान दिसत होती. काचेपलीकडे ते यंत्र उभं होतं. माणूस सहज जाईल एवढं भोक असलेलं एक पांढरं कडं, आणि त्यात सरकणारा अरुंद पलंग. मला वाटलं होतं, दीड वर्षाचा रोग शोधायला दिवस लागेल. पलंग सरकला, एक आवाज म्हणाला, "साँस लो. साँस रोको." काचेच्या अलीकडे मीही श्वास रोखला. आतलं काहीतरी गरगर फिरलं. "साँस छोड़ो." झालं. माझा श्वास अजून संपलाही नव्हता.

मला वाटलं, काहीतरी बिघडलं. मी त्या बाईला विचारलं, "परत करणार ना?" ती हसली आणि म्हणाली, "झालं. सगळं आलं आत."

आम्ही बाकावर बसलो. थोड्या वेळानं वरचे म्हातारे डॉक्टर जिना उतरून घाईनं आत गेले. त्यांना खालून फोन गेला होता. अजून थोड्या वेळानं त्यांनी दार उघडून पप्पांना आणि मला आत बोलावलं. अंधारी खोली, समोर मोठा स्क्रीन, त्यासमोर स्कॅनचे तरुण डॉक्टर. पप्पांनी माझा हात धरला.

"ही तुमची मिसेस," तरुण डॉक्टर म्हणाले. "आपण गळ्यापासून खाली जाऊ."

त्यांनी माउसचं चाक फिरवलं आणि आम्ही आईच्या आत उतरायला लागलो. मला दुसरे शब्द सुचत नाहीत. काकडीची पातळ चकती काढावी तशी प्रत्येक चित्रात आईची एकेक चकती होती, आणि चाक फिरलं की पुढची. वर एक काळं वर्तुळ. ती श्वासनळी, डॉक्टर म्हणाले. खाली जाता जाता ते वर्तुळ लांबट झालं आणि दुभंगून त्याची दोन झाली. दोन्ही बाजूंना काळोखात पांढऱ्या रेघा फुटत गेल्या, काट्याकुट्यांसारख्या. त्या रक्तवाहिन्या. हृदय आलं, पांढरं, मोठं, आणि मला एकदम आठवलं की हे थांबलेलं चित्र आहे. खरं हृदय बाहेर बाकावर धडधडतंय. मला भीती वाटायला हवी होती. पण मी तोंड उघडं टाकून बघत राहिले. रोज सकाळी माझ्यावर ओरडणाऱ्या बाईच्या आत एवढी नीटनेटकी, एवढी सुंदर मांडणी होती आणि तिला स्वतःलाही ते माहीत नव्हतं.

"एक्स-रेत हे का नाही दिसलं?" पप्पांनी विचारलं.

म्हाताऱ्या डॉक्टरांनी सांगितलं की एक्स-रेत छातीतलं पुढचं-मागचं सगळं एकावर एक पडतं, एकाच सावलीत. पप्पांना ते किती कळलं कुणास ठाऊक. मला मात्र लगेच कळलं, कारण आमच्या घरात शर्टांचे गठ्ठे असायचे. वरून गठ्ठ्याकडे बघून कुठल्या कॉलरचं बटण राहिलंय ते सांगता येत नाही. एकेक शर्ट उचलून बघावा लागतो. हे यंत्र एकेक शर्ट उचलून बघत होतं.

"आता बघा," तरुण डॉक्टर म्हणाले.

उजवीकडची नळी काळी, गोल, खाली चालली होती. आणि एका चकतीत त्या काळ्यात मध्येच एक पांढरी आडवी रेघ आली. पुढच्या चकतीतही. त्यांनी चित्र उभं केलं, मग तिरकं केलं. यंत्रानं घेतलेल्या सगळ्या चकत्या जोडून ते स्क्रीनवरच्या आईला हवं तसं फिरवत होते. रेघ हळूहळू रुंद झाली, वाटोळी झाली आणि नळीत बसलेली एक छोटी गोल टिकली दिसायला लागली. पांढऱ्यात मध्यभागी चार बारीक काळे ठिपके.

म्हाताऱ्या डॉक्टरांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, परत लावला.

"बाईंना आत बोलवा," ते म्हणाले.

आई हिरव्या गाऊनमध्येच आत आली, पदर नव्हता म्हणून हातानं तोंड झाकून. डॉक्टरांनी तिला एकच प्रश्न विचारला.

"ताई, तुम्ही काम काय करता?"

"बटणं लावते, डॉक्टरसाहेब. शर्टाची."

"तोंडात धरता?"

आईनं हात खाली घेतला. स्क्रीनकडे पाहिलं. मग तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि किती तरी वेळ पाहतच राहिली. मी मान खाली घातली. माझ्या ओंजळीत तिचं मंगळसूत्र होतं, ते मी घट्ट धरलं.

मी पुढे आयुष्यात बरंच काही पाहिलं. पण त्या अंधाऱ्या खोलीत मला जे वाटलं तसं परत वाटलं नाही. आमचं घर न पाहिलेल्या, आमची गल्ली ठाऊक नसलेल्या माणसांनी एका श्वासात आईच्या छातीतून आमची ती दुपार बाहेर काढली होती. दारातला उजेड, पोटावरची उशी, ठसका, सगळं त्या चार ठिपक्यांत होतं. टीबी नव्हता. गाठ नव्हती. कंपनीचं विष नव्हतं. माझे दोन शब्दही नव्हते. पप्पा खुर्चीवर बसले आणि लहान मुलासारखे रडले. दीड वर्ष बाहेरच्या नळावर थंडीत अंघोळ केलेला माणूस.

बटण प्लॅस्टिकचं होतं, म्हणून एक्स-रेला ते दिसलंच नाही. दिसला तो त्याच्या मागचा, पू साचून सारखा पिकणारा फुप्फुसाचा भाग. आम्ही दीड वर्ष सावलीला औषध देत होतो.

मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलमध्ये दुर्बीण घालून ते काढलं. काढायलाही तोच स्कॅन नकाशासारखा समोर लावून ठेवला होता. कुठल्या फांदीत, किती खोल, कुठल्या कोनात, सगळं आधीच माहीत. एका छोट्या बाटलीत घालून त्यांनी ते आम्हाला दाखवलं. पिवळट तपकिरी पडलेलं, कडेला मांसाचा धागा चिकटलेलं, माझ्या करंगळीच्या नखाएवढं. आईचा घसा सोलवटला होता आणि दोन दिवस बोलायचं नाही असं सांगितलं होतं. तिनं बाटली हातात घेऊन उजेडात धरली, हलवली, परत दिली.

खोटं कशाला बोलू, सगळं काही पहिल्यासारखं झालं नाही. तेवढा भाग कायमचा दुखावलेला राहिला. थंडीत तिला अजून कफ होतो. आणि ते यंत्र सगळ्यांना बटण दाखवत नाही. पुढच्याच वर्षी आमच्या शेजारच्या काकांना तिथेच नेलं, त्याच पलंगावर, त्याच "साँस रोको"वर, आणि त्यांच्या चकत्यांमध्ये खरोखर गाठ निघाली. काकू बाहेर बाकावर बसल्या होत्या, मी त्यांच्यासोबत होते. त्या मला म्हणाल्या, "तुझ्या आईला बटण होतं ना गं? तसंच काहीतरी असेल." यंत्राला दया नाही आणि दुष्टावाही नाही. जे आहे ते दाखवतं. पण जे आहे ते दिसणं हेच केवढं मोठं आहे, हे दीड वर्ष न दिसणाऱ्याशी भांडलेल्या माणसालाच कळतं.

आई घरी आली त्या दुपारी पप्पांनी चहा केला. तीन कप मांडले. निळ्या दोऱ्याचा कप हातात घेतला, दाढीच्या ब्लेडनं दोरा कापला, त्यात चहा ओतला आणि स्वतः प्यायला बसले. आईला बोलायची मनाई होती म्हणून ती डोळ्यांनीच रागावली. पप्पा म्हणाले, "कपाला काय कळतंय." आणि मग ते शिफ्टला गेले.

खोलीत आम्ही दोघीच राहिलो. शेठकडून गठ्ठा आलेला नव्हता, चटई रिकामी होती. मी लांब दाराशी बसले होते. दीड वर्षात तशीच सवय झाली होती. आईनं चटईवर हात आपटून मला जवळ बोलावलं. मी गेले. तिनं माझ्या डाव्या गालावर हात ठेवला आणि बसक्या, फाटक्या आवाजात बोलली, बोलायचं नसताना.

"त्या दिवशी तू खरं बोलत होतीस."

मला वाटलं होतं, ती विसरली असेल. मी विसरले नव्हते, पण ती विसरली असेल असं मला फार वाटलं होतं. मी इतकी रडले की शेजारच्या काकू दारात डोकावून गेल्या. आणि रडतानाच माझ्या तोंडून ते निघून गेलं, जे मी दीड वर्ष गिळून बसले होते.

"मी तुला मर म्हणाले होते."

"कधी?"

"तेव्हाच. पडद्यामागे."

आईनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर काय येतंय ते मला आधी कळलंच नाही.

"म्हणजे नक्कल करून मारणार होतीस, ते जमलं नाय म्हणून परत तोंडानं?" ती म्हणाली. "एक काम धड करत नाय ही पोरगी."

आणि ती हसायला लागली. बसक्या घशानं, खांदे हलवत, त्या दुपारी हसली होती तशीच. मी उठून तांब्या भरला आणि ठसका लागेल म्हणून तो हातात धरून तिच्यासमोर उभी राहिले. ती हसत राहिली. ठसका आला नाही.